किती पायली ऊन

“माज्या भावानं मरायच्या आधी ऊन मागितलं होतं.”

शत्रुघ्न भोईर हे बोलले तेव्हा मी त्यांच्यासाठी महापालिकेचा अर्ज लिहीत होतो. नायगाव पूर्वेला आमच्या रस्त्यावरून खाडीकडे वाट फुटते, त्या चौकाला ‘शहीद दामोदर भोईर चौक’ असं नाव द्यावं, एवढीच मागणी होती. तो त्यांचा नववा अर्ज. हुतात्म्याविषयी थोडक्यात माहिती द्यायला अर्जात तीन ओळींची जागा होती. काय लिहू, असं मी विचारलं, तेव्हा ते हे एवढं एकच वाक्य बोलले. मला वाक्य आवडलं. बर्फात मरणाऱ्या माणसाला वसईचं ऊन हवंसं वाटावं, याहून खरं काय असेल, असं वाटून मी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, ‘ऊन’ या शब्दावर बोट ठेवलं आणि बोट बराच वेळ उचललं नाही.

“तुमी पन तेच समजलात,” ते म्हणाले.

कागदाची घडी करून ते निघून गेले. तो अर्ज त्यांनी दिलाच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्र्याहत्तर वर्षांचे शत्रुघ्नकाका ज्या सात इमारतींच्या संकुलात दुसऱ्या मजल्यावर राहतात, ते संकुल त्यांच्याच खाजणावर उभं आहे. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भाताची जमीन. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि मग तीन-चार वर्षं तिथे काही पिकत नाही. आता बांध नाही, भात नाही, पण भरतीच्या दिवशी पार्किंगच्या फरशांच्या फटींतून पाणी वर येतं, ते खारंच असतं. काका ते पायाच्या अंगठ्याने चाळवून बघतात. नव्या लोकांना वाटतं, म्हातारा गळती शोधतोय.

गावात त्यांना सगळे ‘शत्रू’ म्हणत. शाळेच्या हजेरीत पूर्ण नाव घ्यायचा मास्तरांना कंटाळा, त्यामुळे रोज सकाळी ‘शत्रू’ अशी हाक व्हायची आणि एक किडकिडीत पोर ‘हजर’ म्हणायचं. त्यांचा वर्गमित्र स्टॅनी, खाडीपलीकडच्या ख्रिस्ती आळीतला, अजून तीच हाक मारतो. संध्याकाळी दोघं संकुलाच्या भिंतीपलीकडच्या सिमेंटच्या बाकावर बसतात. खाडीतल्या तिवरांच्या झाडीकडे तोंड करून. शेजारी म्हणून मी कधी कधी तिसरा असतो.

दामोदर, म्हणजे दामू, शत्रूपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मधली तीन भावंडं जगली नाहीत. दामूने शेतात मन लावलं नाही, मिठागरावरही नाही. एकोणसाठ साली ठाण्याला सैन्यभरती होती, तिथे तो मित्राच्या सोबतीला म्हणून गेला. मित्र छातीच्या मापात बसला नाही, दामू बसला. घरी आला तो भरती होऊनच. बापाने दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं, तिसऱ्या दिवशी स्वतः डोक्यावर ट्रंक घेऊन स्टेशनापर्यंत गेला.

बाप, गोविंद भोईर, त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचा गावातला माणूस होता. पदबिद काही नव्हतं. सभा असली की सतरंज्या आणायच्या, पुढारी आला की विहिरीचं थंड पाणी द्यायचं, निवडणुकीला वाडीवाडीत फिरायचं. पक्षाची टोपी त्याने देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलेली असायची. बापाला सही येत होती, आईला तीही नाही. दामू गेल्यावर घरात वाचता येणारा एकच माणूस उरला. तो, शत्रू, बासष्ट साली चौथीत होता.

दामूची पत्रं शत्रू मोठ्याने वाचून दाखवायचा. दामू मूळचा थट्टेखोर, पत्रातही तसाच. एका पत्रात त्याने लिहिलं होतं, इथे डाळ फार आहे, बोंबलाचा नुसता वास पाठवलात तरी पोटभर जेवेन. ते पत्र गावभर झालं. आईने खरंच सुक्या बोंबलाच्या शेपटीचा एक तुकडा कागदात गुंडाळून पाकिटात घातला होता, पोस्टमास्तरांनी तो नाक दाबून परत केला.

बासष्टच्या दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी जे पत्र आलं, ते शत्रुघ्नकाकांना अजून पाठ आहे. दामू शाळेत शिकलेला असला तरी घरच्या बोलीतच लिहायचा, ‘ण’ त्याच्या हातून कधी उमटला नाही. वरचा मायना सोडला तर पत्र चार ओळींचं होतं. आमाला वर आनलं आहे. इथे थंडी फार आहे, रात्री बाटलीत पानी गोठते, आमचे जोडे कापडी आहेत. थोडे ऊन असेल तर पाठवा. नसेल तर राहू द्या.

दुपारची वेळ होती. खळ्यात भाताचे भारे पडलेले, ऑक्टोबरचा उकाडा असा की जमिनीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. शत्रू वाचत ‘ऊन’ पर्यंत आला आणि आधी तोच हसला. मग बाप हसला. आई भात पाखडत होती, तिने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मेल्याला बोंबलाचा वास पुरला नाही, आता ऊन पाहिजे, असं काहीसं ती म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप म्हणाला, लिही, लगेच लिही. शत्रूने वहीचं पान फाडलं. बाप सांगत होता ते मागे पडलं आणि पोराच्या मनाला जे सुचलं ते कागदावर उतरलं. दादा, ऊन खळ्यात मावत नाही. मिठागरावर तर ढीग पडले आहेत. किती पायली पाठवू ते कळव.

भात पायलीनेच मोजणाऱ्या बापाला ‘किती पायली’ इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. शेजारी दोघं ओटीवर बसले होते, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी पत्र टपालात पडलं. आठवडाभरात तिकडे चीनशी युद्ध सुरू झालं.

डिसेंबरात तार आली. ती इंग्रजीत होती. मास्तरांनी वाचली आणि ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द सांगितला. पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी पलटणीकडून दामूची ट्रंक आली. तीत दोन सदरे, दाढीचं सामान आणि घरून गेलेली सगळी पत्रं एका नाडीने बांधून ठेवलेली. शत्रूने ती मोजली नाहीत, फक्त शेवटचं शोधलं. ते नव्हतं.

प्रेत आलं नाही म्हणून आईने दिवस घातले नाहीत. तिचं दुःख वेगळ्याच वाटेने गेलं. दर पौषात, जेव्हा वसईला सकाळी थोडा गारवा असतो, ती ट्रंकेतले ते दोन सदरे काढायची आणि अंगणातल्या काठीवर वाळत घालायची. भिजवायची नाही, नुसते उन्हात. कोणी विचारलं तर सांगायची, दामूला ऊन देते. माझ्या पोराने दुसरं कायपन मागितलं नाही, ऊन मागितलं. पापडांना, डाळींना, गोधड्यांना बायका जसं ऊन देतात तसं. ती चौऱ्याऐंशी साली गेली, तोवर एकवीस पौष तिने हे केलं. मुलाची शेवटची थट्टा हीच तिच्यापाशी त्याची आठवण म्हणून राहिली होती आणि ती आठवण ती आनंदाने सांगायची.

अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत शत्रुघ्नकाकाही तशीच सांगत.

त्या वर्षी ते गोखिवऱ्याच्या एका लहान कारखान्यात लेथवर होते. बायकोला पहिला मुलगा झाला होता, रमेश. दिवस डिसेंबरचे. सुईणीने पोराच्या डोक्याला काहीतरी गरम घालायला सांगितलं. पगाराच्या दिवशी ते वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात शिरले आणि लहान मुलाची टोपी मागितली. दुकानदार उत्तरेकडचा. टोपी तयार नहीं है, तो म्हणाला, ऊन है, घर में बुनवा लो. आणि त्याने काउंटरवर लाल लोकरीचा गुंडा ठेवला.

काका सांगतात, त्यांनी तो गुंडा हातात घेतला. त्याला वजन नव्हतं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, याला काय म्हणतात. त्याने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो वैतागला. दुकानाच्या पाटीवर, इतकी वर्षं येता-जाता दिसत असलेली अक्षरं होती, ‘बढ़िया ऊन’. ती वाचून त्यांना कायम वाटायचं, हिंदीत काहीतरी जाहिरात असेल.

तीन वर्षं हिंदी पलटणीत राहून दामूच्या जिभेवरून ‘लोकर’ गळून पडली होती. आमच्या खाडीकाठी लोकरीचं काम कुणाला पडतं? तो शब्द पुस्तकातला, मेंढीच्या धड्यातला. आजूबाजूला सगळे ‘ऊन’ म्हणत होते, त्याच्याही तोंडी तेच आलं. सोबत विणून देणारा कोणी पहाडी शिपाई असेल. थोडं ऊन असेल तर पाठवा, नसेल तर राहू द्या. थट्टेखोर माणसाने आयुष्यात एकदा सरळ मागणं मागितलं होतं.

काकांनी ऊन घेतलं नाही, पुढे कुठून टोपीही नाही. रमेश तसाच मोठा झाला. काकांच्या अंगावर मी कधी स्वेटर पाहिला नाही. वसईची थंडी ती काय, पण जानेवारीत पहाटे खाडीवरून वारा येतो तेव्हा बाकीचे म्हातारे कानटोप्या घालून फिरतात आणि हे सुती सदऱ्यात. आईला त्यांनी सांगितलं नाही. पुढची सहा वर्षं ती अंगणात सदरे टांगत राहिली आणि ते कामावर जाताना त्या सदऱ्यांखालून वाकून जात राहिले.

मला त्यांनी हे अर्जाच्या घटनेनंतर वर्षभराने सांगितलं, बाकावर. स्टॅनीला ते आधीच ठाऊक होतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, ते पत्र त्याला पोचलं नसेल तर बरं. मग म्हणाले, पन पोचलं नसेल तर त्याला वाटलं असेल, घरच्यांनी उत्तरच दिलं नाय.

आता पक्षांचं.

बासष्टनंतर गावात जे दुसऱ्या पक्षाचे झाले ते गोविंद भोईरांना तोंडावर म्हणायचे, तुझ्याच पक्षाने तुझा पोर मारला. बाप उत्तर देत नसे. पुढच्या निवडणुकीत त्याने त्याच पक्षाला मत दिलं आणि घरी येऊन टोपी खुंटीवरून काढली, धुतली आणि ट्रंकेत दामूच्या सदऱ्यांखाली ठेवली. ती पुन्हा घातली नाही. त्याने कुणाला दोष दिला नाही आणि कुणाची बाजूही घेतली नाही. याला भ्याडपणा म्हणावं की काय, हे मला अजून ठरवता येत नाही.

शत्रुघ्नकाका मात्र प्रत्येक पक्षाच्या सभेला जायचे. अठ्ठ्याहत्तर सालापासून. कुठलाही झेंडा असो, शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची. भाषणात बासष्ट यायची वाट बघायचे. ती येतेच. कोणी म्हणतं, तेव्हाच्या सरकारने जवानांना कापडी जोड्यांत बर्फात ढकललं. कोणी म्हणतं, देश नवा होता, शेजाऱ्याने दगा दिला. कोणी म्हणतं, विरोधकांनीच संसदेत ओरडून सरकारला पुढे रेटलं, आता तेच शहाणपण शिकवतात. काका सगळं ऐकायचे. स्टॅनी त्यांना चिडवायचा की शत्रू, तू सभेला जातोस की कोर्टाला. ते खरंच होतं. आरोपींची नावं वाचली जात होती आणि आपलं नाव येतं का, हे ऐकायला हा माणूस बसत होता. नाव कधी आलं नाही. सुटका झाली असंही कुणी म्हणालं नाही.

मला विचाराल तर दोष होता. ज्यांनी माणसं वर पाठवली त्यांनी अंगावर काय आहे ते बघायला हवं होतं. ते त्यांचं कामच होतं, त्यांना त्यासाठीच निवडलं होतं. पण साठ वर्षांनी तो दोष घ्यायला समोर आहे कोण? तेव्हाचा पक्ष फुटला, पुन्हा फुटला, अर्धी माणसं समोरच्या मंचावर जाऊन बसली. जो मंचावरून आरोप करतो त्याचा बाप आरोपीच्या पिंजऱ्यात होता आणि जो पिंजऱ्यात आहे तो तेव्हा जन्मलाही नव्हता. दोष मात्र खरा, तो कुणाच्याच अंगावर न बसता हवेत फिरत राहतो आणि शेवटी ज्याला थोडी लाज आहे त्याच्या घरात येऊन राहतो.

कल्पेश हा रमेशचा मुलगा, काकांचा नातू, पंचवीस वर्षांचा. रमेश चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून घर कल्पेशच चालवतो. जमिनीच्या व्यवहारांत असतो, बोलायला गोड, आजोबांवर जीव. यंदा महापालिकेच्या निवडणुकीत त्याला तिकीट हवं होतं. त्याच प्रभागातून विघ्नेश नावाचा टॉवरमधला एक मुलगा इच्छुक होता आणि त्याच्या मागे सोसायट्या होत्या. कल्पेशमागे जुनं गाव, म्हणजे आता मूठभर मतं. पक्षाच्या साहेबांनी दोघांना सांगितलं होतं, काहीतरी करून दाखवा.

ट्रंक साफ करताना कल्पेशला पत्रांचा गठ्ठा सापडला. सगळ्यात वर दामूचं ते शेवटचं पत्र, बापाने टोपीबरोबर ठेवलेलं. कल्पेशची पिढी हिंदीतच वाढलेली. त्याला एक क्षणही लागला नाही.

“आजोबा, हे बघा, लोकर मागतोय तो,” तो काकांना म्हणाला. “घरून ऊन मागवावं लागतंय सैनिकाला. याच्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?”

अठ्ठ्याहत्तर सालापासून जे एकट्याने सांभाळलं ते पोराने उभ्या उभ्या वाचलं होतं. आणि वाचून त्याला आनंद झाला होता.

पुढचं सगळं भराभर ठरलं. नायगावच्या लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चारला कार्यक्रम, ‘बासष्टचा जबाब द्या’. साहेब येणार. हॉल हलला तर तिकीट तुझं, आणि निवडून आलास की पहिल्याच सभेत चौकाला नाव, असं साहेबांनी कल्पेशला सांगितलं होतं. काकांनी भाषण करायचं नव्हतं. कल्पेशने त्यांना समजावलं, मी माईकवर विचारेन, आजोबा, तुम्ही घरून ऊन पाठवलं होतं ना? तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा. मग मी सांगतो की त्या सरकारच्या कारभारात ते पोचलंच नाही.

काकांनी विचारलं, पाठवलं होतं हे तुला कोनी सांगितलं.

“म्हणजे काय,” कल्पेश म्हणाला. “मागितल्यावर न पाठवायला ती काय परकी माणसं होती?”

खोटं बोला असं त्याने सांगितलंच नव्हतं. त्याला ते खरं वाटत होतं.

शनिवारी बाकावर काकांनी हे सगळं स्टॅनीला आणि मला सांगितलं. स्टॅनी आधी थट्टेवर नेऊ बघत होता. तो म्हणाला, तुझ्या कल्पेशचा साहेब आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याच बासष्टवाल्या पक्षात होता. येताना आपला दोष तिथेच ठेवून आला काय रे? काका हसले नाहीत. मग स्टॅनीही थांबला.

“आमच्यात कुमसार असतो, शत्रू,” तो म्हणाला. “पाद्रीच्या कानात सांगायचं, सुटायचं. तुझं कोण ऐकणार? पोरालाच सांग. आजच सांग.”

“सांगून काय व्हईल?”

“तिकीट जाईल. अजून काय?”

“आनि चौक.”

“साठ वर्षं चौकाशिवाय काढलीस ना.”

काका उठले. मीही त्यांच्यासोबत संकुलात आलो. त्यांचं ठरलेलं दिसत होतं, पावलं नेहमीपेक्षा लांब पडत होती. पार्किंगमध्ये कल्पेश आणि त्याची पोरं नुकताच आलेला फ्लेक्स उलगडून बघत होती. चार गाड्यांची जागा त्याने व्यापली होती. त्यावर दामूचं पत्र होतं, पन्नासपट मोठं केलेलं. एकेक अक्षर वीतभर. ‘पानी’ मधला ‘नी’, ‘जोडे कापडी’, आणि ‘ऊन’ वर लाल गोल काढलेला. भरती होती, फरशीच्या फटींतून आलेलं पाणी फ्लेक्सच्या कडेला लागत होतं. कल्पेशने ते बघितलं आणि पोरांना ओरडून कोपरा उचलायला लावला. मग आजोबांच्या खांद्याभोवती हात टाकला.

“बघा, तुमचा दादा केवढा मोठा झाला,” तो म्हणाला.

काकांनी फ्लेक्सच्या कडेने एक फेरी मारली. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून अक्षरं पाहिली. कल्पेशचा हात त्यांनी थोपटला आणि ते जिन्याकडे वळले. त्या वेळी मी बोलायला हवं होतं की नाही, याचा विचार करायला मला आता वेळच वेळ आहे.

रविवारी हॉल भरला. जुन्या गावातल्या बायका पुढे बसल्या होत्या, टॉवरमधले लोक मागे, काही विघ्नेशची माणसंही आली होती, हात बांधून. स्टॅनी माझ्या शेजारी. मंचामागे तो फ्लेक्स ताणून लावलेला, त्यावर दोन्ही बाजूंनी दिवे. काका मंचावर टोकाच्या खुर्चीत, पांढऱ्या सुती सदऱ्यात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेवटची रांग मिळाली नव्हती.

साहेब पाऊण तास बोलले. चांगले बोलतात ते. कापडी जोडे, जुन्या बंदुका, दिल्लीत बसून नकाशावर रेघा ओढणारे पुढारी, सगळं आलं. त्यातलं बरंचसं खरंही होतं, आणि ते इतकं सराईतपणे सांगितलं जात होतं की खऱ्यालाही नाटकाचा वास येत होता. दर आरोपाला ते विचारत, जबाबदार कोण, आणि हॉल एका आवाजात त्या पक्षाचं नाव घेई. काका मान खाली घालून ऐकत होते. दर वेळी नाव घेतलं गेलं की त्यांची मान किंचित वर व्हायची आणि पुन्हा खाली जायची. स्टॅनी मला कानात म्हणाला, हजेरी चाललीय.

मग कल्पेश उभा राहिला. त्याने पत्र वाचलं, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून. ‘थोडे ऊन असेल तर पाठवा’ इथे थांबला. टॉवरमधल्या लोकांना अर्थ सांगावा लागला नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक-दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. ऊन मागितलं, दामूने ऊन मागितलं, ही गोष्ट त्यांनी काकांच्या आईच्या तोंडून ऐकलेली होती, हसत हसत. एकीने पदर तोंडाला लावला. तिला कळलं की नाही, सांगता येत नाही.

कल्पेशने काकांना हात धरून माईकपाशी आणलं. माईक त्यांच्या उंचीला खाली केला. त्याच्या चेहऱ्यावर नाटक नव्हतं, आजोबांचा अभिमान होता, आणि तेच बघवत नव्हतं.

“आजोबा,” त्याने विचारलं, “दामूआजोबांनी ऊन मागितलं. मग आपण पाठवलं ना?”

काकांनी मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं, जिथे लाल गोल होता तिथे. पुन्हा पुढे वळले. त्यांचे ओठ हलले. माईक इतका जवळ होता की श्वास सगळ्यांना ऐकू आला, एकदा आत घेतलेला, मग सोडलेला. मला वाटलं, आता ‘किती पायली’ येणार. स्टॅनीने माझं मनगट धरलं.

काहीच आलं नाही. घड्याळात बघितलं नाही, पण मिनिटाहून जास्त गेलं असेल. पुढच्या रांगेत एक बाई हुंदका देऊन रडली. मग दुसरी. कल्पेशचे डोळे भरले होते. त्याने माईक आपल्याकडे ओढला.

“बघा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला शब्द फुटत नाहीत. अजून काय जबाब पाहिजे तुम्हाला?”

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्या हॉलने. विघ्नेशच्या माणसांचेही हात सुटले. साहेब उठून उभे राहिले, त्यांना बघून मंच उभा राहिला, मंचाला बघून हॉल. साहेबांनी कल्पेशच्या पाठीवर हात ठेवला, तो सगळ्यांना दिसेल असा.

काका त्या गलक्यात दोन पायऱ्या उतरले. न बोललेल्याला लोकांनी ‘हो’ धरलं होतं आणि टाळ्या त्या ‘हो’ला होत्या, हे त्यांना समजत होतं. त्यांची मान हजेरीला ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराची असावी तशी वर होती. ते मधल्या वाटेने चालू लागले. लोक वाट देत होते, कुणी पायाला हात लावत होतं, एकाने शाल पुढे केली, मऊ, लोकरीची. त्यांनी ती घेतली नाही. स्टॅनी उठला आणि हळूच ‘शत्रू’ म्हणाला. काका आमच्या रांगेशी थांबले, वळले, सगळ्या हॉलकडे तोंड करून. टाळ्या ओसरल्या. कल्पेश माईक हातात घेऊन तिकडून त्यांच्याकडे बघत होता.

दाराबाहेर पाचचं ऊन पडलं होतं. काकांनी दाराशी चपला पायांत सरकवल्या आणि ‘किती पायली’ तोंडातच ठेवून ते बाहेर गेले.